पंगतीला कोण बसणार?

आपल्या समाजाच्या शैक्षणिक कार्याचा इतिहास सांगताना शाळा, महाविद्यालये आणि त्यांचे देणगीदार यांचा उल्लेख अगत्याने होतो. वसतिगृहांची बोळवण मात्र एखाद्या ओळीत केली जाते. वास्तविक आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आधी वसतिगृह आले आणि शिक्षणाची वाट त्यातून निघाली. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. त्याच सुमारास कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. नावात विद्यालय असले तरी ते मुख्यतः विद्यार्थ्यांच्या निवासाची आणि भोजनाची सोय करणारी संस्था होती. १९१८ साली कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम, १९२८ साली चांदवड येथे नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम, १९३४ साली कुंभोजजवळ बाहुबली येथे ब्रह्मचर्याश्रम अशी ही मालिका पुढे वाढत गेली. पंथ निरनिराळे, प्रेरणा देणारे मुनी निरनिराळे. पण सर्वांना एकच गोष्ट आधी करावीशी वाटली. ती का, याचा विचार केल्यास आजच्या एका अवघड प्रश्नाचे उत्तर सापडण्यास मदत होईल, असे मला वाटते.

अडचण फीची नव्हती, जेवणाची होती

शंभर वर्षांपूर्वीचे व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. गावात चौथीपर्यंतची शाळा. पुढे मुलगा दुकानाच्या गादीवर बसे, पाढे आणि खतावणी शिके, आणि तेवढ्यावर त्याचे शिक्षण संपे. हायस्कूल तालुक्याला किंवा जिल्ह्याला. तेथील फी भरण्याची ऐपत पुष्कळांकडे होती. प्रश्न पडे तो, मुलगा तेथे जेवेल कोठे, हा. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांना वार लावून जेवण्याची किंवा माधुकरीची परंपरा होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलाला तीही नव्हती. आपल्या मुलाची अडचण आणखी वेगळी. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळलेले. हे नियम पाळणारी खानावळ परक्या गावात मिळणे दुर्मीळ. आई मुलाला पाठवण्यास तयार होत नसे, ती ममतेमुळे तर खरीच, पण त्याहून अधिक आहाराच्या काळजीमुळे. पूर्वजांनी ही अडचण अचूक हेरली. मुलाच्या जेवणाची व्यवस्था लागली की शाळेची वाट आपोआप मोकळी होते, हा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

म्हणून वसतिगृहाचे खरे अंग म्हणजे त्याच्या खोल्या नव्हेत. त्याची पंगत होय. वसतिगृह चांगले की वाईट, ते कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे पंगतीला कोण बसते यावरून ठरते. याची कसोटी आपल्या समाजाला फार लवकर द्यावी लागली.

कोल्हापूरची पंगत आणि साताऱ्याची पंगत

छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ नंतरच्या दोन दशकांत कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून जागा दिल्या, अनुदाने दिली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेले समाज, अशा प्रत्येकासाठी वेगळे वसतिगृह निघाले. वेगळेपणाची ही रचना त्या काळाची गरज होती. ज्या समाजात एकत्र जेवणे पाप मानले जाई, तेथे आधी प्रत्येकाच्या ताटात अन्न आणि हातात पुस्तक पोहोचवणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

या काळात कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी राजाराम हायस्कुलात शिकत होता आणि जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान केल्यावाचून भोजनगृहात येता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने स्नान करण्यास नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची जबाबदारी तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे कर्मठ गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत आणि समाजाच्या शिक्षणात त्यांनी आयुष्य घातले, शाहू महाराजांचे चरित्र लिहिले, पुढे १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अशा विचारी माणसालाही त्या दिवशी नियम मोडवला नाही, कारण नियम मोडला तर पालक आपली मुले घेऊन जातील, ही भीती खरी होती.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते आपण सारे जाणतो. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवले. मुले आळीपाळीने कामे करीत, शेतात राबत, स्वतःचे अन्न स्वतः मिळवण्याचा प्रयत्न करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक करून दागिने विकण्यास दिले. अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. आज रयतच्या शाखा सातशेहून अधिक आहेत, आणि त्या वटवृक्षाचे बीज एका वसतिगृहातील पंगतीत आहे.

कर्मवीरांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. ते आपल्या समाजात जन्मले, असे व्यासपीठावरून सांगतो. ज्या पंगतीतून त्यांना उठावे लागले ती पंगतही आपलीच होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. त्यात कमीपणा नाही. नियम पाळून भागले नाही, तेव्हा नियमाचा अर्थ शोधावा लागला. आणि तो शोधणाराही त्याच पंगतीत वाढलेला होता.

आमच्या भागाची गोष्ट

मुरूम व त्याच्या आसपासची गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. हायस्कूल थोडी आणि त्यांचे शिक्षणाचे माध्यम उर्दू. मातृभाषेतून शिकवणारी शाळा काढणे हेच तेव्हा धाडसाचे काम होते. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ साली व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा हा नेता घडला तो एका खेड्यातील निवासी शाळेत, मुलांच्या सोबत राहून. विखुरलेल्या खेड्यांच्या या मुलखात मुलांना एकत्र राहण्याची सोय नसती, तर ती शाळा चालणे कठीण होते.

संस्थान गेले, मराठवाडा पुढे महाराष्ट्रात आला, तालुक्यांना हायस्कूल झाली. तरी आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांना बोर्डिंगचा उंबरठा ओलांडावा लागलाच. मी १९७० साली पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि तांब्या घेऊन एका बोर्डिंगमध्ये दाखल झालो. झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पहाटे पाचला घण पडे. हौदावर गार पाण्याने स्नान, मंदिरात णमोकार, मग अभ्यास. विहिरीतून काढलेले पाणी दुहेरी फडक्यातून गाळण्याची पाळी प्रत्येकावर येई, आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडावी लागे. अहिंसेचे पाठ पुस्तकात पुष्कळ होते. मला मात्र अहिंसा म्हटले की तो ओला फडका आठवतो. संध्याकाळी खेळ ऐन रंगात आला असता जेवणाची घंटा होई, कारण सूर्य आमच्या खेळासाठी थांबत नसे.

सारेच गोड होते, असे म्हणणे खरे होणार नाही. पहिले दोन महिने रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणारी मुले प्रत्येक खोलीत असत. खरूज एकाला झाली की साऱ्यांना होई. मोठ्या मुलांची दादागिरी होती, छडीही होती. घरून येणाऱ्या मनीऑर्डरीवरून कोण श्रीमंत आणि कोण गरीब हे सर्वांना कळे. पण ताट वाढले की हा भेद उरत नसे. आडत व्यापाऱ्याचा मुलगा आणि त्याच्याच दुकानातील दिवाणजीचा मुलगा एकाच पाटाच्या ओळीत बसत. दोघांना भाकरी सारखी आणि आमटीही तितकीच पातळ.

१९७२ चा दुष्काळ आला. ज्वारी मिळेना; रेशनवरच्या तांबूस मिलोच्या भाकरी ताटात आल्या. अनेकांच्या घरून पैसे येणे थांबले. भोजन खर्चाची बाकी असलेल्या मुलांची नावे दरमहा फळ्यावर लिहिण्याची तेथे पद्धत होती. त्या वर्षी आमच्या गृहपतींनी फळा पुसला आणि पुन्हा त्यावर नावे लिहिली नाहीत. बाकी वहीत राहिली, वही कपाटात राहिली. मी त्या वर्षी मुलांच्या मंडळाचा अन्नमंत्री होतो. कोठारातील धान्याची आवक-जावक लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे, किती तूट आहे हे मला ठाऊक होते. ती तूट कोणी भरली हे आम्हाला कधी सांगण्यात आले नाही. पुढे बँकेत मी पस्तीस वर्षे खाती पाहिली. कर्जदाराची लाज राखून वसुली कशी करावी, याचा पहिला धडा तो पुसलेला फळा होता.

खात्यात पैसे, पण घरात कोणी नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आपल्याकडे दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. लातूर जिल्ह्यातील औसा आणि आमचा उमरगा या तालुक्यांतील गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे जगाला त्या दिवशी कळली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्या काळात मी या भागातील एका शाखेत होतो. पुढील कित्येक महिने आमच्यासमोर येणारी प्रकरणे एकाच प्रकारची असत: खातेदार मयत, वारस अज्ञान. सरकारी मदत येत होती, देणग्या येत होत्या, मुलांच्या नावे ठेवी होत होत्या. एखादी आजी पालक म्हणून अंगठा उठवी आणि शेजारी दहा वर्षांचा नातू उभा असे. कागद पूर्ण होई. खात्यात रक्कम दिसे. पण उद्या सकाळी या मुलाला उठवणार कोण, शाळेत धाडणार कोण आणि संध्याकाळी तो जेवला की नाही हे विचारणार कोण, यासाठी आमच्या कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता. रकमेने मूल वाढत नाही, हे मी त्या वर्षी जितके जवळून पाहिले तितके पुन्हा कधी पाहिले नाही.

तो रकाना भरण्याचे काम भारतीय जैन संघटनेने केले. १९८५ साली ही संघटना स्थापन करणारे शांतिलाल मुथ्था हे बीड जिल्ह्यातले, बालपणी स्वतः वसतिगृहात वाढलेले. त्यांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील बाराशे भूकंपग्रस्त मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची आणि निवासाची जबाबदारी उचलली. पुढे वाघोली येथे त्यासाठी मोठे संकुल उभे राहिले. एका महिन्याची मदत करून परत फिरणे सोपे असते. शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत मूल सांभाळणे म्हणजे वर्षानुवर्षे रोज दोन वेळा पंगत वाढणे. ही मुले मोठ्या संख्येने शेतकऱ्यांची, मजुरांची, सर्व जातींची होती. बहुसंख्य जैन नव्हती. त्यांची जात विचारून पान मांडले नव्हते. मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले यांच्यासाठीही पुढे याच संकुलाची दारे उघडली गेली.

कोल्हापूरच्या भोजनगृहातून वाघोलीच्या भोजनगृहापर्यंत येण्यास आपल्या समाजाला सुमारे पंच्याऐंशी वर्षे लागली. मला हा आपल्या वसतिगृहांच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा प्रवास वाटतो.

आजचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गावोगावच्या जुन्या जैन बोर्डिंगांपैकी काही उत्तम चालतात. काही ठिकाणी मात्र खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. याचे कारण उघड आहे. आपली कुटुंबे लहान झाली. एकुलत्या मुलाला दहा-दहा जणांच्या खोलीत ठेवणे पालकांना नको वाटते. तालुक्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या. दहावीनंतर मुले लातूरला किंवा पुण्याला शिकवणी वर्गांजवळच्या खासगी होस्टेलमध्ये राहतात. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मग सूचना येते: इमारत मोक्याची आहे, पुढच्या बाजूस दुकाने काढू, मागे मंगल कार्यालय करू, उत्पन्नातून शिष्यवृत्त्या देऊ.

सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, आणि व्यापारी दृष्टीने ती चुकीचीही नाही. पण शिष्यवृत्तीचा धनादेश आणि पंगतीतील ताट या समान गोष्टी नव्हेत, हे भूकंपाने दाखवून दिले आहे. धनादेश ज्याला घर आहे त्याच्या कामी येतो. आजही आपल्याच तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामात शाळा सोडून फडावर जातात. वडिलांनी जीवन संपवलेल्या घरांतील मुले आहेत. वस्तीवरून रोज येणे-जाणे न झेपणारी मुले आहेत. आपल्याच समाजातील, खेड्यात किराणा दुकान मोडीत निघालेल्या कुटुंबांची मुलेही आहेत. ती संकोचाने पुढे येत नाहीत. यांना हवी आहे ती सोय आपल्या रिकाम्या खोल्यांत आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला आहाराचा. इतर मुले आली तर आपले नियम कसे राहतील? मला वाटते, नियम स्वयंपाकघराचे असावेत, जन्माचे नसावेत. भोजनगृहात कंदमूळ शिजणार नाही, सूर्यास्तानंतर पान वाढले जाणार नाही, पाणी गाळूनच दिले जाईल, हे ज्याला मान्य असेल त्या कोणत्याही मुलाला पंगतीला बसता यावे. भुकेल्या मुलाला हे नियम जाचक वाटत नाहीत. प्रेमाने सांगितले तर तो ते घरीही घेऊन जातो.

दुसरा आक्षेप कायद्याचा. दात्यांनी दान समाजाच्या मुलांसाठी दिले. विश्वस्तांना ते बदलण्याचा अधिकार काय? हा आक्षेप रास्त आहे आणि विश्वस्तांनी परस्पर काही बदलू नये हेच योग्य. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून न्यासाच्या योजनेत बदल मागता येतो. मूळ उद्देशासाठी लाभार्थी मिळेनासे झाले असता, त्या उद्देशाच्या जवळचा उपयोग सुचवणे हे दात्याच्या इच्छेशी अधिक प्रामाणिक आहे. वसतिगृहासाठी दिलेल्या जागेत वसतिगृह चालू ठेवणे, हे तेथे कार्यालय चालवण्यापेक्षा त्या इच्छेच्या निश्चितच जवळ जाते.

हिशेब कसा मांडावा

बँकेतील सवयीने थोडा आकड्यांचा विचार मांडतो. जुन्या बोर्डिंगांत ‘कायम तिथी’ असे. कोणी ५०१ रुपये देई. त्याच्या व्याजातून दरवर्षी त्या तिथीला दात्याच्या वडिलांच्या किंवा आईच्या स्मरणार्थ मुलांना गोड जेवण मिळे. पाच टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज २५ रुपये. आमच्या वेळी त्यात पंगतीला शिरा होई. आज त्या २५ रुपयांत एका मुलाचे एका वेळचे जेवणही नीट होत नाही. फलकावरील नाव कायम राहिले, तिथी मात्र महागाईने कधीच खाऊन टाकली. ज्यांच्या आजोबांचे नाव अशा फलकावर आहे, त्यांनी एकदा ती रक्कम आजच्या मोलाने पुन्हा भरण्याचा विचार करावा.

दुसरा मार्ग, तिथीऐवजी मूल दत्तक घेणे. ५ लाख रुपयांची ठेव ७ टक्के दराने वर्षाला ३५,००० रुपये देते. शाळेचे दहा महिने धरले तर महिन्याला ३,५०० रुपये होतात. साध्या वसतिगृहात एका मुलाच्या भोजनाचा मोठा भाग त्यातून भागू शकेल. व्याजाचा काही अंश दरवर्षी मुद्दलात घातला तर ठेव महागाईपुढे अगदीच हतबल होणार नाही. एका व्यापारी पेढीला ही रक्कम अवजड वाटेल. चार भावांनी किंवा एका गल्लीतील दहा दुकानांनी मिळून उचलली तर वाटणार नाही. लग्नातील एका संध्याकाळच्या सजावटीचा खर्च मनात आणला, तर तुलना आपोआप होईल.

पैशापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे चांगला गृहपती मिळणे. त्याला पगार शिक्षकाइतका आणि मान त्याहून अधिक दिला पाहिजे. निवृत्त शिक्षक दांपत्ये, आमच्यासारखे निवृत्त अधिकारी यांनी आठवड्यातील एखादा दिवस तरी तेथे द्यावा. हिशेब तपासावेत, मुलांचे गणित घ्यावे. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालक आता जागरूक झाले आहेत, ते योग्यच आहे. छडी आणि दादागिरी यांना आता स्थान नसावे. स्वच्छता, डॉक्टरांची नियमित भेट, पालकांशी दर आठवड्याला बोलणे, या गोष्टी ऐच्छिक समजू नयेत.

येत्या चातुर्मासात बहुतेक ठिकाणी विश्वस्त मंडळांच्या बैठका होतील. त्यांत इमारतीच्या दुरुस्तीचा, भाड्याचा, रंगरंगोटीचा विषय निघेल. त्याआधी विश्वस्तांनी एक दिवस संध्याकाळी, सूर्यास्ताच्या तासभर आधी, आपल्या बोर्डिंगच्या भोजनगृहात जाऊन बसावे आणि तेथे किती पाने मांडली जातात ते मोजावे. पाने कमी असतील, तर गावाच्या वेशीबाहेर, वस्त्यांवर, उसाच्या फडांवर ती घेणारी मुले आहेत. त्यांची यादी करण्याचे काम शाळेच्या मुख्याध्यापकांना विनंती केल्यास आठवडाभरात होईल. आणि त्या यादीवर निर्णय घेण्यास एक बैठक पुरेशी आहे.